उत्तर: एमबीएवरच्या संशोधन प्रकल्पाचा दुसरा हप्ता

लातूरच्या सरांची पोस्ट वाचली. मराठी माध्यमातून आलेल्या एमबीएच्या मुलांना आपल्या भागातल्या उद्योगांच्या केस (अभ्यासाला प्रत्यक्ष उदाहरणं) देऊन शिकवलं तर फरक पडतो का, यावर त्यांना आयसीएसएसआरचा (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा) प्रकल्प मंजूर झालाय. पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात आलाय आणि ऑफिस म्हणतंय, "खर्च करा, यूसीचं मार्चमध्ये बघू." यूसी म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं याचं उपयोगिता प्रमाणपत्र. सर, ऐकू नका. दुसरा हप्ता नेमका इथंच अडकतो.

आजच प्रकल्पाच्या नावानं वेगळं बचत खातं उघडायला लावा. एका संस्थेच्या लेखा विभागानं (नाव नको, अजून तिथं कामं पडतात) अनुदान फीच्या खात्यातच ठेवलं. त्याच खात्यातून पगार निघायचे, त्यामुळं अनुदानावर व्याज किती झालं ते वर्षअखेरीला कुणालाच सांगता येईना. केंद्र सरकारच्या आर्थिक नियमांतल्या, म्हणजे जीएफआर २०१७ च्या, नियम २३०(८) प्रमाणे ते व्याज केंद्राच्या संचित निधीत भरावं लागतं, प्रकल्पात वापरता येत नाही. व्याजाचा आकडा नाही म्हणून सीए सही करेना, सही नाही म्हणून १२-ए फॉर्म (यूसीचाच नमुना) जाईना. विचारायला गेलं की, "साहेब दौऱ्यावर हायेत." एवढ्याशा कागदापायी फील्डवरच्या पोरांचं मानधन थांबलं!

यूसीत व्हाउचर झालेलाच खर्च दाखवा. फील्डवरच्याला दिलेला ॲडव्हान्स हिशेब लागेपर्यंत ॲडव्हान्सच असतो, म्हणून फेब्रुवारीअखेर सगळे मिटवा. मानधनात उरलेले पैसे प्रवासाकडं वळवायचे तर आधी लेखी मंजुरी. एसटीचं तिकीट फायलीत उन्हाळाभर राहिलं की कोरं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढून मार्ग आणि कारण लिहा. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, हेही ऐनवेळी आठवतं.

आता न मागितलेला सल्ला. साठ मुलांच्या एका वर्गाचे दोन गट पाडू नका. निम्म्यांना जालन्याच्या स्टीलची किंवा लातूरच्या डाळमिलची केस दिली, की संध्याकाळी ती होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांकडं पोचते. दोन कॉलेजं घ्या, नाहीतर अभ्यासक्रमातल्या एका युनिटला स्थानिक केस, दुसऱ्याला पुस्तकातली, आणि दुसऱ्या तुकडीला उलट क्रम. पूर्वचाचणी कॅपची (केंद्रीय प्रवेशाची) शेवटची फेरी झाल्यावरच घ्या. उशिरा आलेल्या मुलांचा आधीचा आकडाच नसेल तर ती विश्लेषणातून गळतात, आणि नेमकी तीच वेगळी असतात. इंटर्नल मार्क निकाल म्हणून धरू नका, ते तुम्हीच देता. नावं झाकून पेपर बाहेरच्या शिक्षकाकडून तपासून घ्या, त्याचं मानधन बजेटात हवं. संमतीपत्र मराठीत द्या. नकार दिला तरी इंटर्नलला धक्का नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.

मी सीए नाही. मंजुरीपत्रात वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं धरा.

पैसा आधीच मिसळला असेल तर पहिला हप्ता जमा झाला त्या तारखेपासूनचं स्टेटमेंट बँकेतून काढा आणि अनुदानाच्या रोजच्या शिलकीवर सीएकडून व्याज काढून घ्या. त्या तक्त्यावर त्यांची सही-शिक्का घेऊन तो यूसीला जोडा, व्याज भारतकोशवर (केंद्राच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर) भरा आणि चलनाची प्रतही सोबत लावा. हे अर्ज देऊन करा, ओसीवर (आपल्याकडं राहणाऱ्या प्रतीवर) आवक नंबर घ्यायला विसरू नका.