नर डुकराच्या मटणाला वास का येतो?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात आम्ही आठ-दहा डुकरे पाळतो. नाताळात नऊ महिन्यांचा नर कापला. मटण शिजताना मुतारीसारखा वास आला, अशी दोन गिऱ्हाइकांची तक्रार. तिसऱ्याला काहीच जाणवले नाही. माडाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवूनही फरक पडला नाही. खायला हॉटेलचे खरकटे आणि बंदरावरची मासळीची घाण असते. चूक कुठे झाली?

उत्तर : नर खच्ची केला होता की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. वय आणि वास पाहता तो अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, असावा. नर वयात आला, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला, की त्याच्या वृषणांत अँड्रोस्टेनोन नावाचे द्रव्य तयार होते आणि चरबीत साठते. मुतारीचा, घामट वास त्याचाच. तो काही माणसांना जन्मतःच येत नाही, त्यामुळे तुमचे तिसरे गिऱ्हाईकही खोटे बोलत नाही.

दुसरा दोषी स्कॅटोल हा पदार्थ. आतड्यातले जिवाणू प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून तो बनवतात. वास थेट शेणाघाणीचा. मादीचे यकृत त्याचा बऱ्यापैकी निचरा करते, अंडील नराचे कमी करते. शिवाय घाणीत लोळणाऱ्या जनावराच्या अंगात तो कातडीतून आणि श्वासातूनही शिरतो. पावसाळ्यात खुराड्यात चिखल साचतो तेव्हा हेच होते. जमिनीला मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर उतार द्या. कापण्याआधीचा आठवडाभर जनावर कोरड्या, रोज धुतलेल्या जागेत ठेवा आणि शेवटचे बारा तास खाणे बंद करून फक्त पाणी द्या.

मासळीचा वास मात्र वेगळा. मादीच्या मटणालाही वास येत असेल, तर दोष खाद्याचाच. माशाचे तेल डुकराच्या चरबीत उतरते आणि खवट होते. कापण्याआधी निदान महिनाभर मासळी बंद ठेवा. कोंडा, पेंड, शिजवलेले खरकटे चालेल. खरकटे नीट उकळूनच द्या, नाहीतर त्यातून रोग शिरतात.

खरा उपाय म्हणजे पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असतानाच पशुवैद्याकडून, वेदनाशामक देऊन खच्ची करून घेणे. आधी वृषणाच्या पिशवीत आतडे उतरलेले नाही ना, हे तपासायला सांगा. उतरले असेल तर छेद दिल्यावर ते बाहेर येते. दोन्ही वृषण निघाले, याची खात्री करा. एखादा पोटातच राहिला तर बाहेरून नर खच्ची दिसतो आणि मटणाला वास तसाच येतो. जखमेवर माशी बसून किडे पडू नयेत म्हणून शक्यतो पावसाची उघडीप पाहा. खच्ची न केलेला नर कमी खाद्यात जास्त मांस धरतो, म्हणून पुष्कळजण खच्ची करणे टाळतात; असा नर वयात येण्याआधीच विकून टाकणे शहाणपणाचे. मोठा नर आता खच्ची केलात तर चरबीतला साठा ओसरायला किमान दोन महिने द्या.

विक्रीआधी चाचणी सोपी आहे. मानेवरची चरबी पन्नासेक ग्रॅम घ्या, कोरड्या तव्यावर झाकण ठेवून मध्यम आंचेवर दोन-तीन मिनिटे तापवा आणि झाकण काढताच हुंगा. एकट्याच्या नाकावर विसंबू नका. घरातल्या दोघातिघांना, त्यातही बायकांना हुंगायला द्या, कारण हा वास सरासरीने बायकांना जास्त कळतो.

प्रश्न : मग हे मटण फुकट जाणार का?

उत्तर : नाही, खाण्यास अपाय नाही. वास चरबीत असल्याने व्हिनेगर, मीठ किंवा धुणे त्यापर्यंत पोचत नाही. चरबी शक्य तितकी काढून टाका. उरलेले मांस मसाल्यात मुरवून चौरिसोसारख्या (मसालेदार गोवन सॉसेज) प्रकारात, बिनवासाच्या भरपूर मांसात थोडेच मिसळून वापरा. वास गरम वाफेबरोबर उठतो, म्हणून असे मटण झाकणाखाली शिजवून गरमागरम वाढू नये. विंदालूत मसाला कितीही घातला, तरी टोपाचे झाकण उघडल्यावर पहिला भपकारा येतोच.