मॅनेजरांना मुलाखत घ्यायला शिकवताना

पहिल्याच ट्रेनिंगला स्लाइड्सचा गठ्ठा घेऊन जाऊ नकोस. चाकण-भोसरीकडचे प्रॉडक्शन मॅनेजर शिफ्ट सोडून आलेले असतात. त्यांना थेट मुलाखतच घ्यायला लाव. एकाला उमेदवार कर, दुसरा प्रश्न विचारेल, तिसऱ्याने फक्त घड्याळ बघायचं, कोण किती वेळ बोललं ते. बहुतेकदा मॅनेजरच जास्त बोलतो, आणि ते मिनिटांत दिसलं की वेगळं समजवावं लागत नाही.

मग एक गोष्ट पक्की करून घे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हाही अशी ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली. ‘मशीन बंद पडलं तर काय कराल?’ यापेक्षा ‘मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत?’ हे विचारायला शिकव. गुण लिहून होईपर्यंत पॅनेलमध्ये चर्चा नको. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न मात्र तिथल्या तिथे थांबव. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला तो विचारला होता, अजून टोचतो. भरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ पासून कायद्याने मनाई आहे, हे स्पष्ट सांग.

आणि महिन्याभरात त्यांच्या खऱ्या मुलाखतीला जाऊन बस. मी सुरुवातीला बसले नव्हते. सगळे जुन्याच वळणावर गेले होते.