ताप आणि मर्मर: आधी कल्चर, मग औषध

हृदयाच्या झडपेचा जुना दोष किंवा कृत्रिम झडप असलेला पेशंट ताप घेऊन आला, की एंडोकार्डायटिसची (हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग) शंका धर आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घे. एक नव्हे, तीन. वेगवेगळ्या जागांहून, दरवेळी त्वचा नीट साफ करून, बाटलीत १० मिलीच्या आसपास रक्त. सगळा घोळ इथेच होतो. बाहेर कुणीतरी दोन दिवस गोळ्या दिलेल्या असतात, ताप जरा उतरतो, कल्चर निगेटिव्ह येतं आणि आपण चाचपडत बसतो. मीही बसलोय. पेशंट शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला) असेल तर मात्र कल्चर झटपट घे आणि औषध लांबवू नकोस.

नखं उजेडात बघ. काडी रुतल्यासारख्या बारीक तपकिरी रेघा दिसतील. अर्थात त्या साध्या मारानेही येतात. पापणीच्या आतले लाल ठिपके, लघवीतल्या रक्तपेशी, रोज नव्याने ऐकलेली मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) हेही बघ.

छातीवरचा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शंका दाट असेल तर अन्ननलिकेतून करायला सांग, तोही स्वच्छ निघाला तर ५ ते ७ दिवसांनी परत. या आजाराच्या निदानाचे ड्यूक निकष २०२३ मध्ये सुधारलेत, तेच वापर.