स्प्लेंडर पळत नाही? आधी हे बघ

भावा, ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ८ बीएचपी. ती शंभरी गाठायला बनलेलीच नाही. पण पूर्वी ऐंशीला जाणारी गाडी आता साठला धापा टाकत असेल, तर हरवलेला वेग बहुतेक वेळा परत मिळतो.

गाडी मेन स्टँडवर लाव, न्यूट्रल कर आणि मागचं चाक हाताने फिरव. लगेच थांबलं किंवा घासल्याचा आवाज आला, तर ब्रेक शू चिकटतायत. मेकॅनिक ब्रेक घट्ट करून देतात आणि आपण इंजिनला दोष देत बसतो! मग चेन कव्हरचं रबरी बूच काढून चेन बोटाने हलवून बघ. फार ताणलेलीही नको, लोंबणारीही नको. टायरची हवा थंड असताना भर. एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), क्लचचा फ्री प्ले (लिव्हरची मोकळी हालचाल) सर्व्हिसिंगला समोर उभं राहून तपासून घे.

सायलेन्सरला भोक पाडू नकोस, फक्त आवाज वाढतो, शिवाय दंड. फिल्टर काढलास तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा खाते. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने मोठं केलंस तर पिकअप मरतो, आणि चढावर डबलसीट असताना चौथा गिअर ओढणारच नाही.