खसखस, खोकल्याचे औषध आणि नोकरीपूर्वीची ड्रग टेस्ट

तुमचा प्रश्न असा आहे, की अंधेरीतल्या एका कंपनीत तुमची निवड झाली असून रुजू होण्याआधी पुढच्या आठवड्यात लघवीची ड्रग टेस्ट द्यायची आहे. तुम्ही आयुष्यात कधी सिगारेटही ओढलेली नाही; पण दिवाळीत अनारसे भरपूर खाल्ले आणि गेले दहा दिवस खोकल्याचे औषध चालू आहे, तेव्हा चाचणी चुकून पॉझिटिव्ह आली तर नोकरी हातची जाईल का, ही तुमची चिंता आहे. मी डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा पदविका अभ्यासक्रम करून मुंबईतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षे काम केले आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे याच नमुन्यांच्या टेबलावर गेली. जहाजावर चढणारी मुले, विमान कंपन्यांचे उमेदवार आणि तुमच्यासारखे कार्यालयीन नोकरीचे लोक असे सगळेच तिथे येत. मी डॉक्टर नाही, म्हणून औषध घ्यावे की बंद करावे हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाकीचे मला जेवढे पक्के ठाऊक आहे, तेवढे सांगतो.

पहिली चाचणी बहुतेक ठिकाणी प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीवर) आधारलेली असते. ती प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर होवो किंवा मोठ्या यंत्रात होवो, तत्त्व एकच. प्रतिपिंड संपूर्ण रेणू तपासत नाही, त्याचा एक विशिष्ट भाग ओळखून त्याला चिकटते, आणि तसाच भाग एखाद्या निरुपद्रवी औषधाच्या रेणूत असला तर त्यालाही चिकटते. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन, उलटी थांबवणारे प्रोमेथाझिन, रक्तदाबावरचे लॅबेटालॉल आणि एकेकाळी घरोघरी सापडणारे रॅनिटिडिन यांमुळे काही किट अॅम्फेटामिन हा उत्तेजक नशेचा पदार्थ दाखवतात. खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे फेन्सायक्लिडिन हा नशेचा पदार्थ, लिव्होफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांमुळे अफूवर्गीय पदार्थ, नैराश्यावरच्या सर्ट्रालिनमुळे बेंझोडायझेपिन (झोपेच्या गोळ्यांचा वर्ग), तर पित्तावरच्या पँटोप्राझोलमुळे गांजा असल्याचा भास होऊ शकतो. यातले काहीही प्रत्येक किटमध्ये घडत नाही, कारण प्रत्येक उत्पादकाचे प्रतिपिंड वेगळे असते. (पट्टीवर त्या पदार्थाच्या जागी रेघ उमटली म्हणजे निकाल निगेटिव्ह, मग ती रेघ कितीही फिकट का असेना, रेघ उमटलीच नाही तर संशय. दोन रेघा, म्हणजे एक पट्टी नीट चालल्याची आणि एक पदार्थाची, पाहून घाबरलेल्या कित्येक उमेदवारांना मी खुर्चीत बसवून पाणी पाजले आहे.)

म्हणूनच या पहिल्या निकालाला आम्ही टेबलावर कधी ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नसू. ‘नॉन-निगेटिव्ह’ हा विचित्र वाटणारा शब्द आम्ही वापरत असू, आणि त्याचा अर्थ ‘अजून ठरलेले नाही’ असा होता. ठरवण्याचे काम दुसऱ्या चाचणीचे. गॅस क्रोमॅटोग्राफी किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुन्यातले घटक आधी वेगवेगळे केले जातात, मग त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजून नेमका कोणता रेणू किती प्रमाणात आहे हे सांगितले जाते. प्रतिपिंडाची फसगत येथे उघडी पडते.

परंतु तुमच्या प्रश्नातली खरी गाठ यापुढे आहे आणि बहुतेक लोकांना ती दिसत नाही. ज्याला सर्रास ‘चुकून पॉझिटिव्ह’ म्हटले जाते, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एका प्रकारात तो पदार्थ तुमच्या शरीरात मुळीच नसतो, केवळ किट फसलेले असते, आणि तिथे दुसरी चाचणी तुम्हाला सोडवते. दुसऱ्या प्रकारात तो रेणू शरीरात खरोखरच असतो, फक्त तो नशेतून आलेला नसतो, आणि तिथे दुसरी चाचणी पहिलीवर शिक्कामोर्तबच करते. त्या वेळी उपयोगी पडतात ते कागद आणि निकालाचा अर्थ लावणारा जाणकार डॉक्टर. तुमचे अनारसे दुसऱ्या प्रकारात मोडतात. खोकल्याचे औषध कोणत्या प्रकारात जाते, ते बाटलीवरच्या लेबलावर अवलंबून आहे.

खसखस अफूच्याच झाडाचे बी आहे. बियांत स्वतःची अफू नगण्य असते. पण बोंडातला चीक बियांना लागतो आणि त्याबरोबर मॉर्फिन आणि कोडीन यांचा अंश येतो. तो किती असेल हे पीक, कापणी आणि धुण्यावर ठरते, म्हणून एका दुकानातली खसखस निर्धोक निघते आणि दुसऱ्या दुकानातली अडचणीत आणते. अनारशाला खसखस थापलेली असते, मटणाच्या वाटणात ती भाजून जाते, बाळंतिणीला खिरीतून देतात. आपल्या घरात हा पदार्थ सण आणि पाहुणचाराचा आहे, त्यामुळे त्याचा संबंध अमली पदार्थांच्या अहवालाशी लागू शकतो हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आखाती देशांत निघालेल्या मंडळींना मात्र ठाऊक असते, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हाच गुन्हा आहे.

अमेरिकेत सरकारी नियमांखालच्या चाचण्यांत अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा, म्हणजे जिच्यावर निकाल पॉझिटिव्ह धरतात ते प्रमाण, पूर्वी दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. खसखशीमुळे आणि वैध औषधांमुळे निरपराध लोक अडकतात हे लक्षात आल्यावर १९९८ मध्ये ती २००० करण्यात आली. तरीही प्रश्न पुरता मिटला नाही, आणि २०२३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळण्याचाच सल्ला दिला. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांवर मात्र ३०० ची मर्यादा आजही सर्रास आढळते. खसखशीचा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे दिवाळीत खाल्लेले अनारसे तुमच्या शरीरातून केव्हाच निघून गेले आहेत, त्याची काळजी सोडा. चाचणीआधी तीन-चार दिवस मात्र खसखस घातलेले काहीही खाऊ नका, आणि डब्यात अनारसे उरले असतील तर ते घरच्यांना द्या. एवढे करूनही अडचण आलीच, तर हेरॉइनची स्वतःची खूण असलेला सहा-मोनोअॅसिटिलमॉर्फिन हा पदार्थ खसखशीतून कधीही येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांसमोर काढता येते.

आता खोकल्याचे औषध. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर फारतर किट फसेल आणि दुसऱ्या चाचणीत तुम्ही सुटाल. त्यात कोडीन फॉस्फेट असेल तर मात्र लघवीत खरेखुरे कोडीन सापडेल आणि यकृतात कोडिनाचा काही भाग मॉर्फिन बनत असल्याने मॉर्फिनही सापडेल. अशा वेळी ‘मी काहीच घेतले नव्हते’ असे सांगणे आत्मघातकी ठरते. कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे आपल्याकडे औषध नियमांतल्या एच-वन अनुसूचीत आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषध विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहिलेली नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. म्हणजे तुम्ही चिठ्ठीवर औषध घेतले असेल, तर त्याचा पुरावा तुमच्या घराखालच्या केमिस्टकडेही आहे. शेजारणीने दिलेल्या अर्ध्या बाटलीचा मात्र कुठेच नाही.

भांगेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण याच वेळी सांगून टाकतो, कारण हा गैरसमज फार शिकलेल्या लोकांतही आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, हे खरे. म्हणून होळीची भांग चाचणीत येणार नाही, असे मानणे चूक आहे. रेणू तोच आहे आणि यंत्राला कायद्याची व्याख्या वाचता येत नाही. काही आयुर्वेदिक औषधांचेही तसेच आहे. जातिफलादि चूर्णात भांग असते आणि कर्पूररसात अफू. लेबलावर ‘विजया’ किंवा ‘अहिफेन’ असे शब्द असले तर वैद्यांची चिठ्ठी जपून ठेवा. शेजारी कोणी गांजा ओढला म्हणून मोकळ्या हवेत तुमची चाचणी बिघडत नाही.

एक अनुभव सांगतो, कारण तुमची भीती अगदीच निराधार आहे असे म्हटले तर ते खोटे ठरेल. एका सकाळी बेलापूरकडचा एक तरुण नमुना देऊन गेला आणि बाटलीतला नारिंगी रंग पाहूनच माझ्या लक्षात आले, की हा क्षयरोगाचे रिफाम्पिसिन घेत असावा. फॉर्मवर औषधांच्या रकान्यात त्याने ‘काही नाही’ असे लिहिले होते. किटने अफूवर्गीय पदार्थ दाखवले. रिफाम्पिसिन काही पद्धतींच्या चाचण्यांना असे फसवते, हे माहीत असल्याने मी नमुना खात्रीच्या चाचणीसाठी बाजूला काढला. दुपारी फोन केला, तेव्हा तो कितीतरी वेळ गप्पच राहिला. उपचाराचा पाचवा महिना चालू होता, संसर्गाचा धोका संपला होता, पण ‘टीबी’ हा शब्द कंपनीच्या कानावर गेला तर बोलावणे येणार नाही, ही त्याची भीती होती आणि ती अवास्तव नव्हती. खात्रीच्या चाचणीत तो पूर्ण निर्दोष ठरला. मात्र तो अहवाल यायला आठ दिवस लागले आणि दरम्यान आमच्याच लॅबमधून पहिला, न ठरलेला निकाल कंपनीला ईमेलने गेला होता. ती जागा दुसऱ्याला मिळाली. ही चूक आमची होती. त्यानंतर आमच्याकडे कच्चा निकाल बाहेर पाठवणे बंद झाले, पण त्या मुलाला त्याचा काय उपयोग?

या प्रकरणानंतर मी उमेदवारांना एक हिशेब सांगू लागलो. समजा, हजार उमेदवार आहेत आणि त्यांतले दहाच खरोखर नशा करणारे आहेत. किट निर्दोष माणसांपैकी शंभरात फक्त दोघांबाबत चुकते असे धरले, तरी उरलेल्या ९९० जणांतले सुमारे वीस जण नाहक अडकतात. म्हणजे पहिल्या निकालात पकडलेल्या तीस जणांपैकी वीस निरपराध! ज्या कंपनीत दुसरी चाचणी नाही, तिथे घाबरायला खरेच कारण आहे.

म्हणून तुम्ही आजच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला एक सभ्य ईमेल पाठवा. त्यात तीन गोष्टी विचारा: पहिला निकाल नॉन-निगेटिव्ह आला तर त्याच नमुन्यावर मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री केली जाते का, ती होईपर्यंत निर्णय राखून ठेवला जातो का आणि नमुना दोन बाटल्यांत विभागून दुसरी बाटली मोहोरबंद ठेवली जाते का. असे विचारल्याने संशय येईल, असे तुम्हाला वाटेल. माझ्या अनुभवात लपवाछपवी करणारा माणूस मास स्पेक्ट्रोमेट्रीची मागणी सहसा करत नाही. चालू औषधांची माहिती मात्र कंपनीला न देता लॅबच्या डॉक्टरांना द्या, शक्य तर बंद पाकिटात, आणि चाचणीच्या आधी द्या. निकालानंतर दाखवलेली चिठ्ठी खरी असली तरी सबब वाटते.

चाचणीच्या दिवशी नेहमीइतकेच पाणी प्या. शरीर धुवून काढण्याच्या कल्पनेने लोक तीन-तीन लिटर पाणी पिऊन येतात, मग लघवीत नेहमी असणारे क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली जाते, नमुना ‘पातळ’ ठरतो आणि ज्याने काहीच केलेले नाही त्याच्यावर बनवाबनवीचा संशय येतो. कमोडमधले निळे पाणी, बंद केलेला नळ, बाहेर ठेवायला लावलेली पिशवी, बाटलीवरची तापमानपट्टी ही सगळी व्यवस्था सर्वांसाठी सारखीच असते, त्यात अपमान मानू नका. बाटली तुमच्यासमोर मोहोरबंद होऊन त्यावर तुमची सही झाल्याशिवाय तिथून हलू मात्र नका.

आज घरी गेल्यावर खोकल्याच्या बाटलीच्या लेबलाचा स्पष्ट फोटो काढा आणि डॉक्टरांची चिठ्ठी व केमिस्टची पावती यांच्याबरोबर ठेवा. आमच्या टेबलावर औषधाचे नाव विचारले की निम्मे लोक ‘ते लाल रंगाचे सिरप’ एवढेच सांगत, आणि लाल रंगाची सिरपे मुंबईत शेकड्यांनी मिळतात.