नसबंदी झालेला बोका घरात फवारे मारतो, तेव्हा

प्रश्न : आमचा मन्या चार वर्षांचा आहे. तो आठ महिन्यांचा असताना त्याची नसबंदी केली. आम्ही डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो आणि मन्या कधीही घराबाहेर जात नाही. दिवाळीआधी घराला रंग दिला, हॉलमध्ये नवा सोफा आणला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने भिंतींवर लघवीचे फवारे मारायला सुरुवात केली. बाल्कनीच्या दाराची चौकट, तिला लागून असलेले देवघर, हॉलच्या खिडकीचा पडदा, चपलांचे कपाट आणि सोफ्याची मागची बाजू या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. विशेष म्हणजे ट्रेमध्येही तो रोज व्यवस्थित लघवी करतो. फिनाइलने पुसून पाहिले, कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवल्या, रागावूनही पाहिले, पण फरक पडला नाही. खिडकीखालच्या छज्ज्यावर हल्ली जाड गालफडांचा एक भटका बोका येऊन बसतो, त्याला आमची मुलगी उरलेली पोळी घालते. देवघरावर फवारा गेल्यापासून सासूबाईंनी मन्याला मासळी बाजारात सोडून येण्याचा धोशा लावला आहे. त्याचे ऑपरेशन नीट झाले नसेल का? की तो आमच्यावर कसला राग काढतो आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण जागांची जी यादी दिली आहे, तिच्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. बाल्कनीचे दार, खिडकी आणि चपलांचे कपाट या तिन्ही जागांतून बाहेरचे जग घरात येते, आणि सोफा ही घरात नव्याने आलेली, अनोळखी वासाची वस्तू आहे. देवघराचा दोष एवढाच, की ते बाल्कनीच्या दाराला लागून आहे. मन्याला राग आलेला नाही आणि सूड घेण्याची भावना मांजराच्या वागण्यात शोधण्यात अर्थही नाही. आपल्या हद्दीला धोका आहे असे त्याला वाटते आहे आणि मांजराच्या जातीला ठाऊक असलेल्या पद्धतीने तो त्या हद्दीवर आपला वास ठेवतो आहे.

फवारा मारणे आणि ट्रेबाहेर लघवी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे उपाय चुकतात. फवारा मारणारे मांजर उभे असते. ते भिंतीकडे पाठ करते, शेपूट ताठ वर उचलते, शेपटीचे टोक थरथरते, मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात आणि थोडीशी लघवी मागच्या दिशेने उडते. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर डाग दिसतो आणि त्याचे ओघळ खाली आलेले असतात. मूत्राशय रिकामे करण्यासाठी मात्र मांजर खाली बसते आणि गादीवर, पायपुसण्यावर किंवा फरशीवर मोठे थारोळे करते. मन्या ट्रे नीट वापरतो आणि उभ्या पृष्ठभागांवर थोडी थोडी लघवी उडवतो, म्हणजे हे हद्द राखणेच आहे.

ऑपरेशनबद्दलची आपली शंका स्वाभाविक आहे. वयात आलेल्या बोक्याची नसबंदी केली, तर दहापैकी साधारण नऊ बोक्यांचे फवारे मारणे थांबते किंवा खूप कमी होते, मात्र उरलेला एक राहतोच. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वयात येण्याआधीच नसबंदी झालेल्या मांजरांपैकीही सुमारे १० टक्के नर आणि ५ टक्के माद्या मोठेपणी फवारे मारताना आढळल्या होत्या. तेव्हा केवळ फवारे मारतो म्हणून ऑपरेशन बिघडले असे म्हणता येत नाही. एखाद्या बोक्याचे एक वृषण पोटातच राहून गेलेले असू शकते. तशा बोक्याच्या लघवीला नसबंदी न झालेल्या बोक्यासारखाच उग्र, डोक्यात जाणारा दर्प येतो आणि त्याच्या लिंगावर बारीक काटे कायम राहतात. हे काटे पुरुष-संप्रेरकामुळे असतात आणि नसबंदीनंतर काही आठवड्यांत नाहीसे होतात, त्यामुळे पशुवैद्य साध्या तपासणीतही ही शंका बरीचशी दूर करू शकतात.

ती तपासणी आपण कराच, आणि त्याच वेळी लघवीची तपासणीही करून घ्या. मूत्राशयाचा दाह, लघवीतील खडे किंवा स्फटिक, क्वचित मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार यांमुळे मांजराच्या लघवीच्या सवयी बदलतात, आणि आधीच अस्वस्थ असलेले मांजर दुखण्यामुळे अधिक फवारे मारू शकते. येथे एक गोष्ट सर्व बोकेवाल्यांनी ध्यानात ठेवावी. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, सारखे मागचे अंग चाटत असेल आणि लघवीचे मोजके थेंब येत असतील किंवा काहीच येत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा दाट संभव असतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो, म्हणून त्याला त्याच तासाला दवाखान्यात न्यावे.

आता मूळ कारणाकडे वळू. मांजर गाल आणि हनुवटी घासून घरातील कोपऱ्यांना, दारांच्या कडांना, खुर्चीच्या पायांना आपला वास लावत असते. त्या वासाने घर त्याला ओळखीचे आणि निर्धोक वाटते. दिवाळीआधी आपण घर रंगवले, तेव्हा चार वर्षे लावलेल्या या सगळ्या खुणा एकदम पुसल्या गेल्या. त्याच सुमारास नवा सोफा आला आणि खिडकीखाली नसबंदी न झालेला एक बोका येऊ लागला. जाड गालफडांचे जे वर्णन आपण केले आहे, ते वयात आलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्याचेच लक्षण आहे. मन्याला तो दिसतो, त्याचा वास येतो, आणि त्याला हुसकावून लावणे मन्याच्या हाती नाही. मुलगी त्याला पोळी घालते, म्हणून तो ठरल्या वेळी परत येतो.

त्यामुळे सुरुवात छज्ज्यापासून करावी. त्या बोक्याला खाऊ घालायचे असेल, तर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या खिडक्यांपासून दूर घालावे. मुलीच्या मनातील माया मोडण्याची गरज नाही, फक्त जागा बदलावी. आपल्या भागात भटक्या मांजरांची नसबंदी करणारी एखादी प्राणिमित्र संस्था असेल, तर तिच्या मदतीने त्याची नसबंदी करून घ्यावी. त्याने त्याचेही भले होईल आणि इमारतीच्या आवारातील मारामाऱ्या व रात्रीचे ओरडणेही कमी होईल. तोपर्यंत खिडकीच्या आणि बाल्कनीच्या दाराच्या काचांच्या खालच्या भागावर, मन्याच्या नजरेच्या उंचीपर्यंत, दुधी रंगाची चिकट फिल्म लावावी. उजेड येत राहील, पण छज्जा दिसणार नाही. मन्याला बाहेर पाहण्याची आवड असेल, तर जिथून तो बोका दिसत नाही अशा उंच खिडकीजवळ त्याला बसायला फळी करून द्यावी. बाहेरच्या चपला दाराबाहेर किंवा बंद कपाटात ठेवाव्यात, कारण रस्त्यावरच्या मांजरांचा वास त्यांच्या तळव्यांना चिकटून घरात येतो.

डागांची सफाई हा या कामाचा दुसरा मोठा भाग आहे आणि बहुतेक घरांत तो चुकीच्या पद्धतीने होतो. फिनाइल आणि डांबरगोळ्या आजच घरातून काढून टाका. फिनॉल गटातील द्रव्यांचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच कमी असते, आणि फरशीवरून पंजांना लागलेले फिनाइल ते चाटून पोटात घेते. डेटॉलसारखी जंतुनाशके आणि निलगिरी, टी ट्री यांसारखी तेलेही याच कारणाने टाळावीत. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलिनमुळे मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊ शकतात. अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रावणे वेगळ्या कारणाने नकोत, त्यांचा वास लघवीच्या वासाच्या जवळचा असल्याने मांजर त्याच जागी पुन्हा खूण करते.

त्याऐवजी असे करावे : प्रथम कोरड्या कापडाने ओल टिपून घ्यावी. मग एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून त्या पाण्याने डाग आणि त्याच्या भोवतीची हातभर जागा धुवावी, साध्या पाण्याने दोनदा पुसून वाळू द्यावी आणि शेवटी सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने हलके पुसावे. सोफ्याच्या कापडावर किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर हे करण्याआधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे, आणि स्पिरिट वापरताना देवघरातील समई विझवलेली असावी. अंधारात अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च फिरवली, तर डोळ्यांना न दिसणारे जुने डागही चमकतात. बाल्कनीच्या दाराजवळ एखादा विजेचा प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड असेल, तर तो उंचावर घ्यावा, कारण फवारा त्यात गेल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते.

जागा स्वच्छ झाल्यावर तिचा उपयोग बदलावा. मांजर जिथे जेवते किंवा झोपते, तिथे सहसा फवारा मारत नाही. चौकटीपाशी त्याची जेवणाची वाटी ठेवावी, सोफ्यामागे नखे घासायचा खांब किंवा गोणपाट गुंडाळलेला ओंडका उभा करावा. मऊ सुती फडके रोज त्याच्या गालांवरून हळुवार फिरवून तेच नव्याने रंगवलेल्या भिंतींच्या कोपऱ्यांना आणि सोफ्याच्या कडांना, त्याच्या नाकाच्या उंचीवर घासावे. हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि रंगकामानंतरच्या घरांत मला तो फार मोलाचा वाटतो. याच गंधाची कृत्रिम नक्कल असलेली फेलिवेसारखी प्लगमध्ये लावायची उपकरणे मिळतात. ती स्वस्त नाहीत, काही घरांत त्यांचा उपयोग होतो, काहींत होत नाही. लावायचेच असेल, तर मन्याचा वावर जास्त असलेल्या खोलीत निदान महिनाभर सलग लावून ठेवावे.

मन्या ट्रे वापरतो हे खरे, तरीही एकुलत्या मांजरालाही दोन ट्रे असावेत आणि ते एकमेकांपासून दूर असावेत. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, वाळू बिनवासाची आणि रोज निवडलेली हवी. ट्रे अस्वच्छ असला की फवारे मारण्याचे प्रमाणही वाढते. याशिवाय दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे त्याच्याशी दोरी किंवा पिसे हलवून खेळावे, जेवणाच्या वेळा पाळाव्यात आणि पाहुणे आले तर लपायला कपाटावर एखादे खोके ठेवावे.

रागावणे मात्र पूर्ण थांबवा. फवारा मारताना पकडून मारणे, नाक डागावर घासणे, अंगावर पाणी उडवणे यांनी त्याची भीती वाढते, आणि भीती हेच तर या वागण्याचे मूळ आहे. प्रत्यक्ष मारताना दिसला, तर दूरवरून एखादे खेळणे टाकून त्याचे लक्ष वेधावे आणि तो गेल्यावर मुकाट्याने पुसून घ्यावे.

एका वहीत रोज जागा, वेळ आणि त्या दिवशी काय घडले याची नोंद ठेवा. फवारे एकदम बंद होत नाहीत, आठवड्यागणिक कमी होतात, आणि ती घट वहीतच दिसते. दीड-दोन महिने हे सगळे नेटाने करूनही फरक पडला नाही, तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल बोलावे. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारख्या औषधांनी फवारे मारणे बऱ्याच मांजरांत लक्षणीय कमी होते. परिणाम पूर्ण दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि औषध एकदम बंद केल्यास सवय परत येऊ शकते. माणसांसाठी घरात आणलेली गोळी अंदाजाने तोडून देणे अत्यंत धोक्याचे आहे. जवळ अनुभवी पशुवैद्य नसल्यास मुंबईत परळ येथील शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येईल. राज्यात इतरत्र राहणाऱ्या वाचकांसाठी नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत.

सासूबाईंचा त्रागा मी समजू शकतो. देवघरासारख्या जागी असे होणे कोणालाही लागेल. तूर्त देवघराला दारे बसवावीत किंवा पुढे काचेची पाटी लावावी. पण चार वर्षे घरात वाढलेला मन्या मासळी बाजारात टिकणार नाही. तिथल्या बोक्यांशी झुंजायची आणि कुत्र्यांपासून पळायची त्याला सवय नाही, अन्न शोधण्याचीही नाही. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. सासूबाईंना ही वही दाखवत राहा आणि दोन महिन्यांची मुदत मागून घ्या.

प्रश्न : आमच्या मांजरीची गेल्या वर्षी नसबंदी झाली. तरीही दर दोन-तीन आठवड्यांनी ती लोळते, रात्रभर ओरडते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग उचलते आणि त्याच दिवसांत दारावर फवारे मारते. मधल्या दिवसांत काहीच नसते. हेही घरातल्या ताणामुळे असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे माजावर आल्याची आहेत, आणि ती ठरावीक अंतराने येतात हे महत्त्वाचे आहे. बीजांडकोशाचा एखादा लहानसा तुकडा पोटात राहून गेला, तर तो पुन्हा काम करू लागतो आणि मांजर माजावर येत राहते. वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलेल्या उपायांनी याचे निराकरण होणार नाही. पुढच्या वेळी लक्षणे सुरू होताच, ती ओसरण्याआधी तिला पशुवैद्यांकडे न्यावे. योनिमार्गातील पेशींची तपासणी त्या दिवसांतच उपयोगी ठरते, आणि संप्रेरकांची रक्ततपासणी नेमकी केव्हा करायची हेही ते सांगतील. निदान पक्के झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया करून तो तुकडा काढता येतो. ती माजाच्या दिवसांत किंवा लगेच नंतर केल्यास तुकडा मोठा झालेला असतो आणि सापडायला सोपा जातो. जाताना लक्षणांच्या तारखा लिहून न्याव्यात, आणि शक्य असल्यास तिच्या वागण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही दाखवावा.