शेतीविषयक प्रश्नोत्तरे : उपसलेला चर पुन्हा का तुंबतो?

प्रश्न : आमचे शिवार जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. गावामागून ओढ्याला मिळणारा जुना निचरा चर आम्ही वर्गणी काढून जेसीबीने उपसला. तरी गेल्या पावसाळ्यात सखल भागातल्या कापसात आणि सोयाबीनमध्ये पाणी साचलेच. चर आणखी खोल करावा का? एका शेजाऱ्याने आपल्या हद्दीत तो बुजवलाही आहे, त्याबाबत काय करता येईल?
— एक शेतकरी, तालुका पाथरी, जिल्हा परभणी

उत्तर : खोली वाढवण्याआधी चराची पातळी मोजून घ्यावी. चर जिथे ओढ्याला मिळतो त्या मुखापासून वरच्या दिशेने ठरावीक अंतरावर तळाची पातळी घेतली, तर नेमका कुठे उलटा उतार झाला आहे ते दिसते. जेसीबीचे भाडे तासावर असल्याने माती मऊ तिथे खोल आणि कठीण तिथे उथळ अशी खोदाई होते आणि मग चराचे डबके बनते. रस्त्याखालच्या मोरीचा नळ चराच्या तळापेक्षा उंच बसवला असेल, तर वरच्या बाजूची कितीही खोदाई व्यर्थ ठरते. म्हणून आधी मुख, मग मोऱ्या आणि शेवटी वरचा भाग, असाच क्रम ठेवावा.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरीही शंका येते. उपसलेली माती काठावरच सलग टाकली असेल, तर तिचा बांध होतो, शेतातले पाणी चरापर्यंत पोहोचतच नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात तीच माती घसरून परत तळाशी येते. माती काठापासून निदान चराच्या खोलीइतकी दूर टाकावी अथवा शेतात पसरावी, आणि सखल जागी मोकळे तोंड ठेवून तिथे दगड बसवावेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यामुळे उभे कापलेले काठ ढासळतात. उभ्या एक फुटाला आडवा दीड फूट असा उतार दिल्यास ते बरेच टिकतात. शेतात हरळी वैरी असली, तरी या उतारावर ती राखावी. बेशरम हे झुडूप मात्र मुळासकट काढून दूर वाळवावी, कारण ओल्या जागी पडलेल्या तिच्या फांद्याही मूळ धरतात.

काम उन्हाळी आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) संपल्यानंतर आणि मृगापूर्वी उरकावे. आवर्तनाच्या काळातही चरावर एक फेरी मारावी, कारण पाऊस नसताना तो भरून वाहत असेल, तर पाणी चाऱ्यांच्या (कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या लहान पाटांच्या) पाझरातून किंवा रात्री उघड्या राहिलेल्या त्यांच्या दारांतून येत आहे, आणि ती गळती थांबवणे उपशापेक्षा स्वस्त पडते. पाणी वापर संस्था स्थापन झाली असल्यास तिच्या नकाशात हा चर दाखवला आहे का, तेही पाहावे.

शेजाऱ्याबाबत प्रथम गावातच बोलणे बरे. त्याने भागले नाही आणि चर जुन्या ओघळीच्या जागी असेल, तर नैसर्गिक प्रवाहातील अडथळा दूर करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे समजुतीच्या बोलण्यांत ही मुदत निघून जाऊ देऊ नये. प्रकल्पासाठी खोदलेला चर असल्यास आधी पाटबंधारे शाखा कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

प्रश्न : चिबड (पाणी साचून सतत ओलसर व खराब) झालेल्या शेतात जिप्सम टाकल्यास उपयोग होईल का?
— एक वाचक, जिल्हा जालना

उत्तर : माती परीक्षणात जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच होईल. जिप्सममुळे मातीच्या कणांपासून सुटलेले सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जावे लागते, म्हणून निचऱ्याची वाट मोकळी करण्यापूर्वी जिप्समवर खर्च करू नये.